हॉर्न दाबला की फ्यूज उडतो. जून ते ऑक्टोबर, अकरा फ्यूज!

पेठेबाहेरचा (धागाकर्ता) | 14 ऑक्टोबर, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 78 हजार किलोमीटर झालेत. रोज वारजे ते हिंजवडी आणि परत. जूनच्या शेवटापासून हॉर्नचा फ्यूज उडायला लागलाय. 15 अँपिअरचा, निळा. कधी नवा टाकल्यावर पहिल्याच दाबाला उडतो, तर कधी पंधरा दिवस गाडी गुणी बाळासारखी वागते आणि नेमकी वाकडच्या पुलाखाली मुकी होते.

गॅरेजवाल्याने आधी फ्यूज बदलला. मग रिले (बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नला वीज जोडणारा स्विच) बदलला. मग हॉर्नची जोडीच नवीन बसवली (जुनी डिकीत पडून आहे). फ्यूज उडतोच आहे. आता तो म्हणतोय की स्टिअरिंगमधली क्लॉकस्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) गेली, साडेसहा हजार खर्च येईल. दिवाळीत ताम्हिणीमार्गे कोकणात जायचंय आणि त्या घाटात हॉर्नशिवाय जायची माझी छाती नाही. साडेसहा हजार घालावेत का?

अर्धा_चहा | रात्री 10.52

चार महिन्यांत अकराच? पुण्यात राहून? तुम्ही फारच शांत ड्रायव्हर दिसता.

नानापेठी | रात्री 11.05

एवढं टेन्शन कशाला घेता? 30 चा हिरवा फ्यूज टाका. माझ्या जुन्या गाडीत तीन वर्षं होता, काही झालं नाही.

सर्किटराव | रात्री 11.20

@नानापेठी, कृपया असले सल्ले देऊ नका. फ्यूज हॉर्नला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. कंपनीने ज्या जाडीची वायर टाकलीय तिला सोसेल असा 15 चा फ्यूज निवडलेला असतो. तिथे 30 चा टाकला की वायर तापेल, तिच्यावरचं प्लास्टिक वितळेल आणि तरीही फ्यूज शाबूत राहील. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत कुणीतरी फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवली होती. चांदणी चौकात बॉनेटमधून धूर. उघडलं तर हॉर्नच्या वायरीला खेटून जाणाऱ्या हेडलाइटच्या वायरीसुद्धा एकमेकींना चिकटून जिलबी झालेल्या. हॉर्न एका हजारात झाला असता, हार्नेसचे (वायरींच्या अख्ख्या जुडीचे) बावीस हजार गेले.

धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा:

फ्यूज बसवताक्षणी उडतो की हॉर्न दाबल्यावर?
उडालेल्या फ्यूजची खिडकी काळी पडलेली असते की मधली पट्टी नुसतीच वितळून तुटलेली?
आणि जूनच्या आसपास गाडीला काय काय काम केलं होतं? कितीही फालतू वाटलं तरी सांगा.

सातारारोड | रात्री 11.48

क्लॉकस्प्रिंगच असणार. माझीही गेली होती. हॉर्न बंद पडला, पाठोपाठ एअरबॅगचा दिवा लागला. बदलल्यावर सगळं ठीक. गॅरेजवाला बरोबर सांगतोय.

निवृत्त_वायरमन | 15 ऑक्टोबर, सकाळी 6.10

सातारारोड, तुमचा हॉर्न बंद पडला होता, फ्यूज उडत नव्हता. हे दोन वेगळे आजार आहेत. चिंचवडला एका कारखान्यात 31 वर्षं गाड्यांच्या वायरिंगवर काढली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जावे.

बहुतेक गाड्यांत हॉर्नचे दोन मार्ग असतात. एक मोठ्या करंटचा: बॅटरी, फ्यूज, रिलेचा 30 नंबरचा पाय, तिथून 87 नंबरचा पाय, तिथून वायर पुढे ग्रिलमागे हॉर्नपर्यंत आणि हॉर्नमधून बॉडीला अर्थ (गाडीचा पत्रा म्हणजेच बॅटरीचा मायनस). दुसरा छोट्या करंटचा: रिलेच्या कॉइलला (आतल्या तारेच्या वेटोळ्याला) एका बाजूने प्लस मिळालेला असतो, दुसऱ्या बाजूची वायर क्लॉकस्प्रिंगमधून स्टिअरिंगच्या बटणाला येते. बटण दाबलं की ती वायर अर्थ होते, कॉइल ओढते, रिले 'टक्' करतो आणि मोठा मार्ग जोडला जातो.

आता समजा, क्लॉकस्प्रिंगमधली पट्टी तुटली. बटण दाबून काहीच होणार नाही. समजा, ती वायर कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झाली. तर काय होईल? गाडीला वाटेल तुम्ही बटण दाबून धरलंय, हॉर्न आपोआप वाजत सुटेल आणि सोसायटी जागी होईल. फ्यूज मात्र उडणार नाही. कारण मध्ये रिलेची कॉइल बसलेली आहे. तिचा रेझिस्टन्स धरा 80 ओहम. 12 भागिले 80, म्हणजे 0.15 अँपिअर. यात 15 चा फ्यूज कोमटसुद्धा होत नाही.

म्हणून माझं मत असं की साडेसहा हजार खिशात ठेवा. बिघाड रिलेच्या पुढे आहे, म्हणजे 87 पासून हॉर्नपर्यंतच्या वायरीत किंवा खुद्द हॉर्नमध्ये.

अर्धा_चहा | सकाळी 8.30

काका, बारावीला फिजिक्स तुम्ही शिकवलं असतंत तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

सातारारोड | सकाळी 9.02

मान्य. पण काही गाड्यांत बटणाने अर्थ नाही, थेट प्लस जातो, तिथे काय?

निवृत्त_वायरमन | सकाळी 9.15

तिथे ती वायर घासली तर फ्यूज उडू शकतो, बरोबर. म्हणूनच 'बहुतेक' लिहिलं. पण यांच्या गाडीत स्टिअरिंग वळवल्याने फरक पडतो असं ते कुठे म्हणालेत? क्लॉकस्प्रिंगचा दोष असता तर कोथरूड डेपोच्या वळणावर एक गंमत आणि सरळ रस्त्यावर दुसरी, असं काहीतरी दिसलं असतं.

शून्य_डेसिबल | सकाळी 10.40

विषय थोडा बाजूला नेतो. मी गेली दोन वर्षं शहरात हॉर्न वाजवत नाही. सुरुवातीला हात सारखा जायचा, आता जात नाही. उशीर होतो तो सिग्नलमुळे, हॉर्न न वाजवल्यामुळे नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 194एफ आलं, त्यात विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा 1000 रुपये आणि पुन्हा केल्यास 2000 दंड ठरला. ट्रकच्या मागे लिहायचं 'हॉर्न ओके प्लीज' आपल्या राज्याने 2015 मध्येच बंद केलं. तुमचा फ्यूज कदाचित समाजसेवा करतोय. (हलके घ्या.)

माईंची_लेक | सकाळी 11.05

शून्यराव, तुमचं कौतुक आहे, पण माझी आई स्कूटरवर होती तेव्हा डावीकडून वळणाऱ्या टेम्पोला तिचा हॉर्न ऐकू गेला म्हणून ती आज फराळाचे लाडू वळतेय. सिग्नल हिरवा होण्याआधी बोंबलणं वेगळं आणि हॉर्न असणं वेगळं. धागाकर्त्यांना ताम्हिणीत जायचंय. तिथे आंधळ्या वळणावर, समोर धुकं असताना, वाजवायलाच हवा.

नानापेठी | दुपारी 12.20

@सर्किटराव, ते तीन वर्षं काही झालं नाही हे खरंच आहे, पण चौथ्या वर्षी मी गाडी विकली हे लिहायचं राहिलं. घेणाऱ्याचं पुढे काय झालं देव जाणे.

पेठेबाहेरचा | 15 ऑक्टोबर, रात्री 9.50

सर्वांचे आभार. वायरमनकाका, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली की गॅरेजवाल्यालाही पाठव.

उत्तरं: फ्यूज बसवताना कधीच उडत नाही. हॉर्न दाबल्यावरच. त्या वेळी हॉर्न अर्धा 'पँ' म्हणतो आणि गप्प. डॅशबोर्डच्या कप्प्यात साठवलेले उडालेले फ्यूज आत्ता काढून पाहिले. अकरापैकी नऊ सापडले, नऊच्या नऊ आतून काजळी धरल्यासारखे. स्टिअरिंगचा काही संबंध दिसला नाही. हॉर्नशिवाय बाकी काही बंद पडत नाही.

जूनमध्ये काय केलं ते आठवून पाहिलं. ऑइल बदललं, पुढचे वायपर बदलले. मे महिन्यात नळ स्टॉपला एक रिक्षा रिव्हर्स घेताना बंपरला लागली होती, तो बंपर काढून रंगवून बसवला. तेवढंच.

सर्किटराव | रात्री 9.58

'तेवढंच' म्हणे!

निवृत्त_वायरमन | रात्री 10.04

काजळी म्हणजे डेड शॉर्ट, प्लसची वायर सरळ बॉडीला लागलेली. नुसता थोडा जास्त लोड असता तर पट्टी सावकाश तापून मधोमध सुबक तुटली असती. दोन हॉर्नचे मिळून 8 ते 10 अँपिअर होतात, त्याने 15 चा उडायचा नाही. इथे एका क्षणात शंभराच्या वर करंट धावलाय.

भोंगा | 16 ऑक्टोबर, सकाळी 7.45

दुकानाचा अनुभव सांगतो (हो, आडनावासारखं वाटत असलं तरी धंद्यावरून घेतलेलं नाव आहे). बंपरकडे बघाच, पण हॉर्नला लगेच निर्दोष सोडू नका. थाळी हॉर्नच्या आत एक पडदा आणि एक पॉइंट असतो. करंट आला की चुंबक पडदा ओढतो, पडदा ओढला की पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत येतो. हे सेकंदाला काहीशे वेळा होतं, त्याचाच आवाज. पावसाचं पाणी जाऊन पॉइंट चिकटला की करंट तुटतच नाही, आवाज येत नाही आणि आतली कॉइल सरळ बॅटरीवर बसते. फ्यूज जातो. आमच्याकडे जुलैत असे रोज दोन-तीन येतात. शिंगासारखे जे विंडटोन असतात त्यांचं तोंड खाली हवं, म्हणजे पाणी साचत नाही. घाईत लावणारे वर तोंड करून लावतात, मग त्याचा तांब्या होतो.

आणि ते पाचसहा सुरांचे हॉर्न मागायला येऊ नका, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 119 मध्ये बसत नाहीत आणि आमच्याकडे मिळत नाहीत.

बिबवेवाडीची_मांजर | सकाळी 8.10

कुणी उंदराचं नाव कसं काढलं नाही? आमच्या पार्किंगमध्ये तीन गाड्यांच्या वायरी खाल्ल्या. तंबाखूची पुडी बॉनेटमध्ये ठेवा.

अर्धा_चहा | सकाळी 8.14

आमच्याकडच्या उंदरांना त्याने व्यसन लागलं. आता पुडी संपली की वायर कुरतडून आठवण करून देतात.

माईंची_लेक | सकाळी 8.40

कापूर, नॅप्थालिन, निंबाचं तेल, अल्ट्रासाउंडचं यंत्र, सगळं करून झालं. उपयोग एकाच गोष्टीचा झाला: गाडी रोज हलवणे. लॉकडाऊनमध्ये उभी होती तेव्हाच घरटं झालं होतं, एअर फिल्टरच्या डब्यात, आत शेजाऱ्यांच्या पायपुसण्याचे तुकडे. बाप्पाचं वाहन म्हणून नवऱ्याने हाकलायला नकार दिला होता, तो वेगळा धागा होईल.

सर्किटराव | सकाळी 10.30

उंदीरमंडळ, नवीन धागा काढा की. धागाकर्ते, रविवारी असं करा. खर्च शंभराच्या आत.

इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब आणि होल्डर घ्या. दोन वायरी जोडून टोकांना फ्यूजच्या पायांएवढ्या चपट्या पिना लावा. फ्यूज काढून त्या जागी हा बल्ब. आता शॉर्ट झाला तरी फ्यूज उडणार नाही, बल्ब पेटेल, जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर जाईल. आणखी अकरा फ्यूज वाचले.

मग दोन्ही हॉर्नचे कपलर (वायर जोडायचे प्लग) काढून ठेवा. हे विसरू नका, कारण हॉर्न लागलेले असतील तर बल्ब असाही पेटतो आणि माणूस फसतो. आता कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा. रिले टक् करेल. बल्ब विझलेला राहिला तर वायर ठीक, संशय हॉर्नवर. लखलखीत पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय. तसंच दाबून धरून हार्नेस हाताने हलवत पुढे जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझेल तिथे चोर.

निवृत्त_वायरमन | सकाळी 10.50

छान पद्धत. पंखा गरम इंजिनवर अचानक सुरू होऊ शकतो, हात सांभाळा.

पेठेबाहेरचा | 19 ऑक्टोबर, सकाळी 11.30

रिपोर्ट 1. काल तपकीर गल्लीत जाऊन मल्टिमीटर आणला (गर्दीत दिवाळीच्या माळा घेणारे हजार, मल्टिमीटरवाला मी एकटा). बल्बची जुळणी केली. मुलगा नववीत आहे, त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

आधी भोंगासाहेबांची शंका. डिकीतला जुना हॉर्न काढून थेट बॅटरीवर लावला. सकाळी सव्वासात. तो खणखणीत वाजला आणि बी विंगमधून तीन डोकी बाहेर आली. म्हणजे जुना हॉर्न चांगलाच होता, माझे नव्या जोडीचे पैसे गेले.

मग कपलर काढून टेस्ट. मुलाने दाबलं, रिले टक्, बल्ब विझलेलाच. पाच मिनिटं सगळ्या वायरी हलवल्या, काही नाही. म्हणजे वायर ठीक आणि जुना हॉर्नही ठीक? मग आता भूत समजायचं का?

अर्धा_चहा | सकाळी 11.34

नरकचतुर्दशी उद्याच आहे. पहाटे अभ्यंगस्नान गाडीलाही घाला.

नानापेठी | सकाळी 11.50

या वेळी खरंच कामाचं सांगतो. काही रिलेत कॉइलला समांतर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. वायरिंगमध्ये 85-86 (कॉइलचे दोन पाय) उलटे असतील आणि असा रिले बसवला तर बटण दाबताच डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. आमच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या गल्लीतून बाहेरचे लोक 'चार पायांचा द्या' म्हणून कुठलाही रिले नेतात. गॅरेजवाल्याने बदललेला रिले बघा, अंगावर छोटी आकृती छापलेली असते.

सर्किटराव | सकाळी 11.58

मुद्दा चांगला आहे, नानापेठींनी भरपाई केली. पण तसं असतं तर प्रत्येक दाबाला उडाला असता, पंधरा दिवस चालला नसता. शिवाय रिले बदलण्याआधीपासून त्रास आहे.

निवृत्त_वायरमन | दुपारी 12.15

पेठेबाहेरचे, गाडी उभी होती, कोरडी होती, बंपर स्वस्थ होता. तुमचा फ्यूज उडतो कुठे? खड्ड्यात, पावसात, गर्दीत.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. रिलेच्या पुढची वायर एरवी मेलेली असते. तिच्यात वीज फक्त बटण दाबल्यावर येते. ती महिनाभर पत्र्याला चिकटून बसली तरी फ्यूजला पत्ता लागत नाही. ज्या क्षणी ती चिकटलेली असते आणि त्याच क्षणी तुम्ही हॉर्न दाबता, तेव्हाच उडतो. म्हणून तुम्हाला ते लहरी वाटतं.

बल्ब लावलेलाच ठेवा, मुलाला दाबून धरू दे आणि बंपरला गुडघ्याने रेटा. डावीकडून, उजवीकडून, खालून. मग पाण्याचा एक मग ओता.

पेठेबाहेरचा | 19 ऑक्टोबर, दुपारी 4.05

सापडलं!!!

बंपर उजव्या बाजूने गुडघ्याने आत दाबला आणि मुलगा आतून ओरडला, "बाबा, पेटला!" सोडला, विझला. दाबला, पेटला. दहा वेळा करून पाहिलं, निव्वळ आनंदासाठी.

वरच्या क्लिपा काढून बंपर थोडा सैल केला. उजव्या हेडलाइटखाली बंपरची पत्र्याची पट्टी आहे, तिचा स्क्रू नेहमीपेक्षा लांब, टोकदार, लाकडात मारतात तसला. त्याचं टोक हॉर्नच्या वायरीत घुसलेलं नाही, पण तिला बरोबर पाठीवर टेकलेलं. तिथे प्लास्टिक तांदळाच्या दाण्याएवढं उडालंय, आत तांबं हिरवं पडलंय आणि स्क्रूच्या टोकावर काळे ठिपके, वेल्डिंग केल्यासारखे. मोजले तर अकरा भरतील असं वाटलं. वायरीवरचं जाळीदार काळं पाइपाचं कव्हर मात्र गायब. बंपर रंगवताना काढलं असणार आणि परत घालायचं राहिलं.

म्हणजे फ्यूज, रिले, हॉर्न सगळं बदलून झालं आणि दोष होता एका चुकीच्या स्क्रूत.

भोंगा | दुपारी 4.20

अभिनंदन. नुसती टेप गुंडाळून सोडू नका. हिरवं झालेलं तांबं कापून टाका, चांगलं तांबं दिसेपर्यंत. मग सोल्डर, त्यावर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी), वरून नवं पाइप कव्हर. इंजिनच्या पुढे टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळतो आणि एप्रिलमध्ये तुम्ही परत हाच धागा वर काढाल.

निवृत्त_वायरमन | दुपारी 4.32

आणि स्क्रू बदला, मूळ मापाचा, बोथट टोकाचा. वायर टायने बांधून पट्टीपासून दोन बोटं लांब घ्या. फ्यूज 15 चाच. मुलाला माझ्याकडून शाबासकी.

सातारारोड | संध्याकाळी 5.10

क्लॉकस्प्रिंगबद्दलचे शब्द मागे घेतो. गॅरेजवाल्याला काय सांगणार?

पेठेबाहेरचा | संध्याकाळी 7.45

सगळं वर सांगितल्याप्रमाणे केलं. सोल्डर शेजारच्या काकांकडून, हीट श्रिंक मल्टिमीटरबरोबर घेतलं होतं. बल्ब काढून निळा फ्यूज टाकला. बंपर रेटून, पाणी ओतून वीसेक वेळा वाजवला. विसाव्या वेळी बी विंगमधली तीच तीन डोकी बाहेर आली, या वेळी हातात चकल्या होत्या.

गॅरेजवाल्याकडे तो स्क्रू घेऊन जाणार आहे. भांडायला नाही, पण नव्या हॉर्नजोडीचे पैसे मागून बघतो. रंगकाम त्याच्याच ओळखीच्या माणसाने केलं होतं.

शून्य_डेसिबल | रात्री 8.15

आता मिळालाच आहे तर माणगावपर्यंत जपून वापरा.

माईंची_लेक | रात्री 8.22

वळणावर मनसोक्त वाजवा हो. शून्यरावांना मी बघते.

नवा_सदस्य_पिंपळे | रात्री 9.40

छान माहिती. माझ्या स्कूटरचा हॉर्न ब्रेक दाबला की वाजतो. काय असेल?

सर्किटराव | रात्री 9.43

कुठेतरी अर्थ सुटलाय. नवीन धागा काढा, आणि अलीकडे काय काम केलं होतं ते पहिल्याच ओळीत लिहा.